तीन नंबरचं पितळ

अडीच फूट म्हणजे सातशे बासष्ट मिलिमीटर. रुळांमधली रुंदी मोजायची असेल तर फीत रुळाच्या मध्यावर नाही, आतल्या कडेला लावायची. हे मला माहीत असण्याचं कारण मी रेल्वेत होतो असं नाही. मी स्टोअरकीपर होतो, आणि आजही आहे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या पलीकडे कौलांचा एक कारखाना होता, तिथे मी बाविसाव्या वर्षी स्टोअरमध्ये लागलो. माती खणायच्या खाणीपासून भट्ट्यांपर्यंत कारखान्याची स्वतःची अडीच फुटी रेल्वे होती. तिला स्टेशन नव्हतं की तिकीट नव्हतं. ओली माती भरलेले डबे येत, रिकामे परत जात. स्टोअरच्या खिडकीतून हात लांब केला असता तर डब्याला लागला असता.

मी लागलो तेव्हा एक नंबर आणि दोन नंबर ही इंजिनं बंद पडली होती. दोन नंबर माझ्यासमोर भंगारात गेलं. एक नंबर शेडच्या मागच्या रुळावर सुट्या भागांसाठी ठेवलं होतं. ज्याला जे लागेल ते त्याच्यातून काढून घ्यायचं. चालत होतं ते तीन नंबर. वाफेचं, काळं, कमरेवर तांबडा पट्टा, आणि जिथे जिथे पितळ तिथे तिथे चकचकीत. दसऱ्याला झेंडूची माळ पहिली त्याला आणि मग साहेबांच्या मोटारीला, असा कारखान्याचा रिवाज होता. साहेबांनीही तो कधी मोडला नाही.

कारखाना बंद झाला. मला मकरपुऱ्यातच दुसऱ्या कंपनीत, पुन्हा स्टोअरमध्येच, नोकरी मिळाली. जमीन वर्षानुवर्षं कोर्टात अडकली आणि शेडमध्ये इंजिनं गंजत राहिली. गेल्या वर्षी कोर्टातला वाद मिटला, जमीन बिल्डरने घेतली आणि जमिनीवरचं सगळं लोखंड एका भंगारवाल्या शेठना मिळालं. त्या बातमीनंतर मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुणाला तरी लांबलचक ईमेल लिहिली. जुन्या रेल्वे जपणारे दोन गट मला इंटरनेटवर सापडले होते. सौराष्ट्रातल्या गटाला मातीचे दोन डबे आणि थोडे रूळ हवे होते; ते त्यांनी श्रावणात येऊन नेले, काही अडचण आली नाही. दुसरा गट घाटावरचा. त्यांना इंजिन हवं होतं, अख्खं. एका टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी अडीच फुटी रुळाचा तुकडा आधीच टाकून ठेवला होता. त्या गटाचं काम एक निवृत्त बँक अधिकारी बाई बघायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो. फोन उचलला की त्या पहिल्यांदा विचारायच्या, "आमचा मुलगा कसा आहे?"

"चाकं मोकळी आहेत, बॉयलर सुका आहे," मी सांगायचो.

"हे झालं तब्येतीचं. स्वभावाचं सांगा."

"स्वभाव शांत. भट्टी विझलेली आहे."

मी असं बोलू शकतो हे माझ्या बायकोला त्या दिवसांत कळलं, आणि मलाही.

शेठ बोलायला सरळ होते. भावाबद्दल घासाघीस झाली नाही. त्यांनी इंजिनाच्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "साहेब, आ पितळवाळुं तमारुं. बाकी बधुं मारुं. दशेरा पछी लई जजो, कोई हाथ नहीं लगाडे." पितळवालं तुमचं, बाकी सगळं माझं. दसऱ्यानंतर न्या, कुणी हात लावणार नाही. बिल्डरला दसऱ्याला भूमिपूजन करायचं होतं, म्हणून नवमीपर्यंत बाकीचं मैदान मोकळं व्हायचं होतं. तीन नंबर शेडच्या कोपऱ्यात उभं राहिलेलं चालणार होतं. एकादशीला ट्रेलर येणार, क्रेनही सांगितलेली. एक नंबर कापलं जाणार, हे उघड होतं. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्या बॉयलरमधल्या नळ्या गेलेल्या, ड्रायव्हरच्या जागेवरचं छप्पर गेलेलं, आणि वर हिरव्या-काळ्या रंगाचे इतके थर की मूळ पत्रा कोणता हे सांगता येऊ नये.

नवरात्र बसल्यावर कारखान्याच्या जागेवरच्या दरबानाने मला सांगितलं की मागच्या भिंतीवरून कुणीतरी आत येतंय. शेडमधल्या पाण्याच्या टाकीची पितळी तोटी गेली होती. तो प्रामाणिक माणूस होता, हेही म्हणाला, "साहेब, रात्री गरब्याला मीही जातो, तुमच्यापासून काय लपवू."

स्टोअरमध्ये पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते हे: लोखंड अंगणात राहिलं तरी चालतं, पितळ आणि तांबं जाळीच्या आत, कुलपात. माझ्या हाताखालून जी पोरं गेली त्या सगळ्यांना मी हेच शिकवलं. तोटी गेल्याचं ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. रविवारी पान्यांची पेटी, तेलाची बाटली आणि जुनी चादर घेऊन मी शेडवर गेलो आणि दिवसभर तीन नंबरच्या अंगावरचं पितळ उतरवलं. शिट्टी, घंटा, वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ, पाण्याच्या काचेची चौकट, तेलाच्या वाट्या, दिव्याची कडी, आणि सगळ्यात शेवटी समोरची पाटी, तिच्यावर उठावातला तीनचा आकडा. एकही नट तुटू दिला नाही. प्रत्येक वस्तूला दोरीने टॅग बांधला: कुठली, कुठल्या बाजूची. इंजिनाच्या वाफ सोडण्याच्या दांड्यालाही टॅग बांधला, "राखीव, कापू नये", मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत. घाटावर पोचलं की तासाभरात सगळं परत बसलं असतं.

घरी, बडोद्याच्या समा भागात, आमच्या सोसायटीच्या जिन्यावरून ते ओझं वर नेताना शेजारचे मोटाभाई दारात उभे होते. म्हणाले, "अरे वाह! धनतेरस तो हजी दूर छे!" धनत्रयोदशीची भांडीखरेदी अजून लांब आहे म्हणे.

आत आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे आत आणायचं की बाल्कनीत ठेवायचं? पाहुणा आहे की भंगार, एकदा ठरवा."

"पितळ बाहेर राहत नाही," मी म्हणालो.

"मग माझ्या माहेरची घागर इतकी वर्षं बाल्कनीत कशी राहिली?"

तिने दिवाणखान्यात सतरंजी अंथरली. त्या आठवड्यात मला फार चांगली झोप लागली.

अष्टमीला दुपारी कंपनीत जेवणाचा डबा उघडला आणि दरबानाचा फोन आला.

"साहेब, ते तुमचं इंजिन न्यायचं रद्द झालं काय?"

"नाही. का?"

"मग हे लोक ते का कापतायत?"

मी डबा तसाच उघडा टाकून निघालो. गेटवरच्या वहीत सही केली की नाही, आठवत नाही; ते मला आजही खटकतं. स्कूटर चालवताना कानाला हेल्मेटच्या आत फोन खुपसून शेठना लावत होतो. फोन बंद. आठम होती, घरी हवन असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी लावत राहिलो. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर पाळी बदलण्याची वेळ होती, कंपन्यांच्या बसेस आडव्या लावलेल्या. मी एका बसच्या ड्रायव्हरला हात जोडले. तो म्हणाला, "काका, हात शेना जोडो छो, जाओ ने!" हात कशाला जोडता, जा ना, आणि त्याने बस मागे घेतली.

शेडचे पत्रे आधीच उतरवले होते, त्यामुळे गेटमधूनच सगळं दिसलं. धुराडं जमिनीवर आडवं पडलं होतं. बॉयलर मधोमध दोन तुकडे होऊन पडला होता. आतल्या नळ्यांची तोंडं दिसत होती, शेकडो. मी शेकडो म्हणतो, कारण तेव्हा पहिल्यांदा समोरची गोष्ट मोजावीशी वाटली नाही. एक कापणारा गुडघ्यावर बसून चाकांवरच्या सांगाड्याची डावी बाजू कापत होता. उजवी कापून झाली होती.

मी ओरडलो असणार, कारण सगळे थांबले. ज्वाळा बंद झाली. गॅसवाल्यांचा मुकादम पुढे आला. उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा, खांद्यावर गमछा.

"क्या हुआ बाबूजी?"

"ये मेरा है! ये नहीं काटना था! सेठ ने बोला नहीं?"

"सेठ ने बोला था. पीतलवाला छोड़ना, बाकी सब काटना." त्याने तीन नंबरच्या उरलेल्या सांगाड्याकडे हात केला. "इसमें पीतल कहाँ है?"

मी नटांच्या रिकाम्या भोकांकडे पाहिलं.

"हमने देखा, बाबूजी. ऐसे ही नहीं काटा. दोनों को चारों तरफ़ से देखा. इसमें पेंच के छेद हैं, पीतल एक तोला नहीं." मग तो मला हाताला धरून मागच्या रुळावर घेऊन गेला, जिथे एक नंबर उभं होतं. त्याच्या बॉयलरच्या कमरेला एक पट्टी होती, रंगाने भरलेली. तिच्यावर कानशीने दोन ठिकाणी घासलेलं होतं, आणि घासलेल्या जागी पिवळं दिसत होतं. "ये देखो. पूरा गोल पट्टा पीतल का है. तो हमने इसको छोड़ दिया."

इतकी वर्षं ज्या इंजिनातून आम्ही जे लागेल ते काढत होतो, त्याच्या कमरेचा पितळी पट्टा कुणाच्या लक्षात आला नव्हता. माझ्यासुद्धा. त्या माणसाला शेठने एक वाक्य सांगितलं होतं, आणि त्याने रंग खरवडून त्या वाक्याप्रमाणे काम केलं होतं. मी त्याच्यावर रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"टॅग था," मी म्हणालो. "डंडे पे बाँधा था. तीन भाषा में लिखा था."

"कौन सा डंडा?" त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं. तो भाग त्यांनी सगळ्यात आधी उतरवला होता. टॅग पुठ्ठ्याचा होता, ज्वाळेने जाऊन राख झाला असेल. "बाबूजी, पढ़ना हममें से दो को आता है. पर काटते बखत कौन पढ़ता है?"

शेठचा फोन लागला तेव्हा मागे घंटा आणि आरती ऐकू येत होती. मी सांगितलं. ते म्हणाले, "पण साहेब, पितळ क्यां गयुं?"

"माझ्या घरी."

"तमारे घेर?" आवाज चढला. "तो मने कहेवुं जोईए ने! में तो माणसोने एक ज निशानी आपी हती!" मला सांगायला हवं होतं ना, मी माणसांना एकच खूण दिली होती. मग आवाज उतरला, कारण हवनाला बसलेल्या माणसाने ओरडू नये हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "साहेब, मारा हाथमां कंई नथी हवे. बीजुं लई जाओ. एक नंबर लई जाओ." आता माझ्या हातात काही नाही, दुसरं न्या.

त्यानंतरचा वेळ मी कसा घालवला ते नीट सांगतो, कारण तो सगळा निरुपयोगी होता. आधी मी विचारलं की सांगाडा जोडता येईल का. मुकादमाने वाकून पाहिलं, बोटाने चीर दाखवली आणि मान हलवली. त्याच्या मते सांगाड्याची ही जाड लोखंडी पट्टी पुन्हा जोडून वजन पेलणार नाही. मग मी चाकं तरी अख्खी द्या म्हणालो. तो म्हणाला, ठेवतो, पण नवमीच्या संध्याकाळपर्यंत इथून हलली पाहिजेत. मग मी ट्रेलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला एकादशी म्हणजे एकादशी, ड्रायव्हर गावाला गेलाय. दुसरा, तिसरा. मग हायड्रा क्रेनवाले. मग माझ्या कंपनीतल्या वाहतूक बघणाऱ्याला, ज्याच्याकडे मी तोवर कधी वैयक्तिक काम मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, आठम-नोमला बडोद्यात गाडी शोधताय? तुम्हाला काय झालंय?" मी एका टेम्पोवाल्याला तर गेटवरून हाताला धरून आत आणलं. त्याने चाकांकडे पाहिलं, टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं आणि हसू दाबत निघून गेला. गाडी मिळणार नाही हे दिसल्यावर मीच मुकादमाला थांबू नका म्हणालो, आणि चाकं कापली गेली. मी बघत उभा राहिलो नाही. गेटबाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाडीजवळ बसलो आणि तिथून आवाज ऐकला.

ताईंना फोन मी तिथूनच केला.

"आमचा मुलगा कसा आहे?" त्या म्हणाल्या.

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी त्याची तयारी नव्हती. मी घडलं तसं सांगितलं: पितळ कुणी काढलं, का काढलं, खूण काय होती, काय कापलं गेलं. काही वगळलं नाही.

"तुम्ही चोरीच्या भीतीने काढलंत ना?"

"हो."

"मग मी काय बोलू तुम्हाला?" त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. रडणं थांबल्यावर त्यांनी बँकेत जशा बोलत असतील तशा स्वरात विचारलं, "दुसरं उभं आहे? चाकांवर?"

"आहे. पण ताई, ते इंजिन नाही. ते आमचं सुट्या भागांचं कपाट होतं."

"रूळ टाकलाय, भाऊ. चौथरा बांधलाय. गावातल्या लोकांना सांगितलंय. मी रिकाम्या रुळासमोर नारळ नाही फोडू शकत. ते पाठवा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार आमच्याकडे आहे, धार गेलेली, म्यान नवं. वर्षातून एकदा ती पाटावर येते. मी आंघोळ करून आलो तर बायकोने तलवारीशेजारी दुसरा पाट मांडला होता, आणि त्यावर शिट्टी, घंटा, वाफेचं घड्याळ, तेलाच्या वाट्या आणि मध्ये तीनची पाटी. चिंचेने घासली होती. सगळे टॅग ओले न करता, दोऱ्यासकट तसेच ठेवले होते.

"हे का काढलंस?" मी म्हणालो.

"तुम्ही दर वर्षी सांगता ना, कारखान्यात पहिली माळ त्याला."

"ते कुठे आहे आता माळ घालायला?"

"म्हणून तर," ती म्हणाली. "मला ओरडायचं असेल तर ओरडा, पण कुंकू लावा. मुहूर्त जातोय."

मी तलवारीला कुंकू लावलं, घरातल्या पान्यांना आणि शिवणयंत्राला लावलं. पितळापाशी हात थांबला. ज्या वस्तू वाचवल्या म्हणून मी आठवडाभर सुखाने झोपलो, त्यांच्यापायी ज्याच्या त्या होत्या ते गेलं होतं. बायको वाट बघत उभी राहिली. मग तिनेच माझ्या हातातली कुंकवाची कुयरी घेतली आणि घंटेपासून सुरू करून एकेकाला बोट लावलं. पाटीला लावताना मात्र माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने पाटीलाही कुंकू लावलं.

एकादशीला एक नंबर ट्रेलरवर चढलं. क्रेनने उचललं तेव्हा त्याच्या पोटातून गंजाचा भुसा सांडला. पितळ मी लाकडी खोक्यात भुशात भरून दिलं, कारण ते गटाने घेतलेलं होतं, माझं नव्हतं. तीनच्या पाटीला मात्र जुना टॅग काढून नवा बांधला, यावेळी पत्र्याचा, ठोकून उठवलेल्या अक्षरांचा: "ही पाटी दुसऱ्या इंजिनाची आहे. ते कापले गेले. या इंजिनाला लावू नये." तारेने बांधला आणि तार पक्कडीने पिळली.

माघात ताईंनी फोटो पाठवला. टेकडी, चौथरा, माणसांची गर्दी, झेंडूच्या माळा. इंजिन काळं रंगवलेलं, कमरेवर तांबडा पट्टा. शिट्टी जागेवर, घंटा जागेवर, नवं छप्पर केलेलं. समोर तीनची पाटी. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पत्र्याचा टॅग नव्हता. पक्कडीने पिळलेली तार कापावी लागली असणार.

मी फोन केला. "ताई, पाटी."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं लावायला. भाऊ, पाटीच्या जागी चार भोकं दिसत होती. लोक विचारत होते, याला नाव नाही का? मी काय सांगायचं, याचं नाव कापलं गेलं?"

"हे एक नंबर आहे."

"मग एक नंबरची पाटी कुठे आहे? असेल तर पाठवा, मी आत्ता बदलते."

ती मी लागायच्या आधीच कधीतरी गेली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

बायकोने फोटो पाहिला तेव्हा म्हणाली, "उभं तर आहे कुठलंतरी. माळ तर पडली." मला हे पटावं असं फार वाटलं. चार दिवस मी ते स्वतःला सांगून पाहिलं. पण कुणीतरी त्या पाटीवर बोट ठेवून आपल्या मुलीला सांगणार, हे तीन नंबर, हे बडोद्याहून आलं. तीन नंबर कुठे गेलं ते मला माहीत आहे. त्याचे तुकडे भरलेला शेवटचा ट्रक मी पाहिलाय.

मकरपुऱ्यात आमच्या कंपनीला पितळी भाग ओतून देणारा एक कारागीर आहे. त्याला मी कागदावर मापं काढून दिली, जुन्या पाटीचीच, भोकं त्याच जागी. आकडा एक. मागच्या आठवड्यात ती तयार झाली. अक्षरं जरा जाड आली आहेत, कडा हाताला लागतात, पण आकडा बरोबर आहे. शनिवारची गाडी धरून मी घाटावर जाणार आहे. पान्यांची पेटी भरून ठेवली आहे.

"आणि त्यांनी लावू दिली नाही तर?" बायकोने विचारलं. ती भाकरीचं पीठ मळत होती.

"देतील. ताई शब्दाच्या पक्क्या आहेत."

"मग तीनची?"

"परत आणतो."

"कुठे ठेवायची?"

मी पेटीचं झाकण लावलं. तलवारीचा पाट एकाच तलवारीच्या मापाचा आहे, आणि बाल्कनीत मी ती ठेवणार नाही, एवढंच मला आतापर्यंत कळलेलं आहे.